परसातल्या कोंबड्या: खुराडं, मुंगूस आणि मानमोडी

माडाखाली

नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यातली. घरामागे माड, पोफळी आणि त्यापलीकडे काजूची भरड. वीसेक गावठी कोंबड्या आहेत, दोन कोंबडे आहेत. शिमग्यापासून मुंगूस मागे लागलंय. भर दुपारी येतं, घरातले सगळे जेवून लवंडलेले असतात तेव्हा. कोंबडी मारतं, मान-डोकं तेवढं खातं आणि धड तिथेच टाकून जातं. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, तर जवळजवळ संपल्याच.

खुराडं सासऱ्यांच्या वेळचं आहे, कारवीच्या कुडाचं, वर पत्रा. कूड खालून कुजलाय. पाऊस लागायच्या आत नवीन बांधायचं आहे. जाळी कुठली घ्यावी? जमिनीवर बांधावं की उंचावर? आणि दिवसा मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांचं काय करावं? कायम कोंडून ठेवायला मन होत नाही. दिवसभर पाचोळा उकरत फिरतात म्हणून तर त्या निरोगी आहेत आणि अंडं एवढं चांगलं मिळतं.

जुन्या-जाणत्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

चिऱ्याचं_घर

ताई, आधी जाळीचं सांगतो, कारण पैसे तिथेच वाया जातात. बाजारात 'कोंबडीची जाळी' म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती दातांनी ओढून फाडतो आणि आपल्या खाऱ्या हवेत ती इतकी गंजते की बोटाने दाबली तरी तुटते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारांचे जोड वितळवून पक्के केलेली चौकोनी भोकांची जाळी घ्या. महाग पडते, पण मुंगूस, घूस आणि बहुतेक साप तिथेच थांबतात. सगळीकडे परवडत नसेल तर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ती लावा आणि वर एक इंचाची. जाळी खिळे वाकवून ठोकू नका. लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रूने आवळा. मुंगूस जिथे जाळी हलते तिथेच नाक घालतं.

आपल्याकडे पाऊस बघता खुराडं उंचावरच हवं. जमिनीपासून अडीच फूट, खाली जांभ्या चिऱ्याचे खांब. खालची जागा पूर्ण मोकळी ठेवायची, तिथे लाकडं-झावळं रचायची नाहीत, नाहीतर घुशी आणि साप तिथेच बिऱ्हाड करतात. जमिनीवरच बांधायचं असेल तर चिऱ्याचा एक थर जमिनीत आणि दोन वर घ्या. ते जमत नसेल तर जाळी भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरून वर माती टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरतं, दोन फूट मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.

वीस कोंबड्यांना रात्रीपुरतं सहा बाय पाच फूट पुरतं, कारण दिवसा त्या बाहेरच असतात. उंची मात्र माणूस वाकून आत जाऊन झाडू शकेल एवढी हवी. झाडायला अवघड असलेलं खुराडं कोणी झाडत नाही आणि रोगाची सुरुवात तिथून होते. आत बसायला बांबूच्या तीन दांड्या, सगळ्या एकाच उंचीवर. वरखाली लावल्या तर वरच्या दांडीसाठी रोज मारामाऱ्या होतात आणि खालच्यांच्या अंगावर विष्ठा पडते.

दार पूर्वेला ठेवा, पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते. छपराची पागोळी भिंतीपासून दोन-तीन फूट बाहेर पडली पाहिजे. आणि कडी एक नको, दोन हव्यात, एक वर एक खाली. खालून दार जरा जरी लवलं तरी फट होते. आमची आई म्हणायची, "मुंगसाक एकदा वाट गावली की ता परत येताच."

रानवाट

बांधकामाचं वर छान आलंय. मी जनावरांबद्दल लिहितो. कोण येतंय हे कळल्याशिवाय बंदोबस्त नीट होत नाही.

दिवसा, मान-डोकं खाऊन धड टाकलेलं असेल तर मुंगूस, हा ताईंचा अंदाज बरोबर आहे. रात्री अख्खी कोंबडी गायब आणि कुंपणापर्यंत पिसांचा माग असेल तर रानमांजर किंवा कोल्हा. रात्री छपराच्या फटीतून उतरून मारलेली असेल तर उदमांजर, ते झाडावरून येतं, म्हणून खुराड्यावर टेकलेल्या फांद्या छाटून टाका. कोंबड्या दिवसा बसत्या जागी मरून पडल्यात आणि खाल्लेल्या फारशा नाहीत, पिसं सगळीकडे उडालीत, तर बहुतेक वेळा गावातली कुत्री. अंडी सालीसकट नाहीशी होत असतील तर साप, फोडून खाल्लेली असतील तर मुंगूस, घूस किंवा कावळा. लहान पिल्लू मेलंय आणि डोकं-मान ओलं चिकट झालंय, तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडलंय.

कोंबडीला अंधारात जवळपास काही दिसत नाही. रात्री आत काही शिरलं तर ती दांडीवरून हलतही नाही, बसल्या जागी मरते. त्यामुळे दिवसा थोडं इकडेतिकडे चालेल, पण तिन्हीसांजेला दार लागलंच पाहिजे. घरात एकाच्या अंगावर हे काम पक्कं ठरवून द्या. 'कोणीतरी लावलं असेल' असं धरून चालल्यावरच दार उघडं राहतं.

आणि एक कळकळीची विनंती. कोणी विष घालायचा किंवा फासे लावायचा सल्ला देईल, ते करू नका. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. शिवाय विषाचा घास कुत्रा खातो, घार खाते, तुमचीच कोंबडी टोचते. मुंगूस परसात असणं वाईट नाही, सापांवर आणि उंदरांवर तेवढा वचक असतो. साप आत शिरलेला दिसला तर सर्पमित्राला बोलवा, काठी उचलू नका. पोट फुगलेला साप जाळीतून परत निघू शकत नाही, त्यामुळे तो तिथेच थांबलेला सापडतो.

शिवार

माण तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे माळरान, झाडं कमी, त्यामुळे घार आणि शिक्रा यांचा त्रास जास्त. दिवसाच्या राखणीबद्दल थोडं.

मोकळं अंगण कोंबडीला धोक्याचं. तिला पळून शिरायला जागा हवी. आम्ही अंगणात ठिकठिकाणी जुन्या बाजा आडव्या टाकल्यात, एका कडेला तुरीच्या तुराट्यांचा मांडव केलाय, कुंपणाला करवंद आणि सागरगोटा लावलाय. वरून सावली पडली की पहिला आवाज कोंबडा काढतो. वरून येणाऱ्यासाठी तो लांब बारीक आवाज काढतो, तो ऐकून सगळ्या कोंबड्या खाली दबतात. जमिनीवरून येणाऱ्यासाठी मान उंचावून एकसारखा कटकट आवाज, तेव्हा सगळ्या सावध होतात. चांगला राखणदार कोंबडा असेल तर तो विकू नका, त्याचीच पिल्लं धरा. गावठीत हा गुण अजून आहे. वनराज, गिरीराज या सुधारित जाती अंडी जास्त देतात, मीही पाळल्यात, पण अंगाने जड आणि सावधपणाला कमी. मोकळ्या परसात गावठी टिकते असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, दाण्याची वेळ. सकाळी मूठभर टाकून सोडा, पोटभर दाणा संध्याकाळी खुराड्यातच द्या. रोज एकाच हाकेने, एकाच डब्याचा आवाज करून. आठवडाभरात सगळ्या दिवे लागायच्या आत आपोआप घरात येतात, झाडावर बसायची सवय मोडते. नवीन आणलेल्या कोंबड्या आठवडाभर आतच कोंडा, मग सोडा.

लहान पिल्लांना वाळवी फार मानवते. फुटकं मडकं घ्या, त्यात ओलं शेण, जुनं गोणपाट, वाळका काडीकचरा दाबून भरा आणि जिथे वाळवी दिसते तिथे संध्याकाळी उपडं ठेवा. सकाळी मडकं वाळवीने भरलेलं असतं. पिल्लांपुढे झटकायचं. आजीच्या काळापासून आम्ही हे करतो. वाळवी खाल्लेल्या पिल्लांची वाढ उठून दिसते.

हडपसरकडची

वाचतेय, खूप माहिती मिळतेय. आमच्या बैठ्या घराच्या मागे चारच कोंबड्या आहेत. कोंबडा नाही, कारण पहाटेच्या आरवण्याने शेजारी हैराण झाले होते. कोंबड्याशिवाय अंडी मिळतात का, हे मला अजूनही लोक विचारतात. मिळतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. बाकी चर्चा चालू द्या.

पशुवैद्य_देशावरचा

सर्वांचे अनुभव मोलाचे आहेत. पण ताई, एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात कुठेच आली नाही म्हणून विचारतो: मानमोडीची लस टोचलीत का?

मुंगूस एका वेळी एक-दोन कोंबड्या नेतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर दोन-चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं करते. हिरवट-पांढरी पातळ हगवण, चोच उघडून घरघर श्वास, मग पंख-पाय लुळे आणि मान पिळवटते. विषाणूचा रोग आहे, औषध नाही. गावात 'साथ आली' म्हणतात आणि दरवर्षी येतेच असं धरून चालतात. ते मला पटत नाही. तिची लस आहे, स्वस्त आहे आणि ती चालते. आपल्या राज्यात पुण्याला औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ती तयार होते आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते.

वेळापत्रक सोपं आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या-पाचव्या आठवड्यात लासोटा पुन्हा. आठ आठवडे झाल्यावर आर-टू-बी, हीही मानमोडीचीच लस, पण ही टोचावी लागते. कोंबड्यांच्या देवी रोगाची लस सहा-सात आठवड्यांनंतर पंखाच्या पातळ पडद्यात. देवी डासांमुळे पसरते, त्यामुळे कोकणात पावसाळ्याच्या आधी ती दिलेली बरी. आर-टू-बी लहान पिल्लांना कधीही देऊ नका, त्यांना ती झेपत नाही. टोचायच्या एक आठवडा आधी जंताचं औषध द्या. आजारी पक्ष्याला लस टोचू नका. मात्रा जवळच्या दवाखान्यातून लिहून घ्या.

माडाखाली

डॉक्टर, नाही टोचली. इथे साधारण कोणीच टोचत नाही. दोन वर्षांपूर्वी वाडीतल्या निम्म्या घरांच्या कोंबड्या गेल्या, आमच्याही. मी तेव्हा दवाखान्यात विचारायला गेले होते. बाटली निदान शंभर कोंबड्यांची येते आणि एकदा फोडली की ठेवता येत नाही, वीस कोंबड्यांसाठी फोडणार नाही, असं सांगून परत पाठवलं. मग तो विषय तिथेच राहिला.

पशुवैद्य_देशावरचा

तुम्हाला दिलेली माहिती खरी आहे. लस मिसळल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. पण म्हणून एका घराला परत पाठवायचं नसतं, वाडीला बोलवायचं असतं. तुमच्या वाडीत किती घरांत कोंबड्या आहेत? पाच-सहा घरं धरली तरी शंभराचा आकडा सहज होतो. एक दिवस ठरवा, एक थर्मास आणि बर्फ घेऊन एकाने बाटली आणायची, पहाटे कोंबड्या सोडायच्या आत घराघरात जाऊन टोचायचं. खुराड्यात असतात तेव्हा धरायला सोप्या जातात. उन्हात काढलेली लस टोचली न टोचल्यासारखी, म्हणून सकाळी आठच्या आत काम उरका.

हे एकट्याने करून उपयोगही नाही. तुमच्या कोंबड्या दिवसा शेजारच्या उकिरड्यावर जातात, शेजारच्या तुमच्याकडे येतात. रोग कुंपण बघत नाही. वाडीतल्या सगळ्या कोंबड्या हा एकच कळप धरून चाला. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवा, तिचं पाणी वेगळं ठेवा. साथ चालू असताना आठवडी बाजारातून कोंबडी आणणं म्हणजे रोग विकत घेणं.

चिऱ्याचं_घर

डॉक्टरांना पूर्ण अनुमोदन. आमच्या वाडीत असंच चालतं. महिला बचत गटाने अंगावर घेतलंय, दर घरामागे काही रुपये जमा करतात आणि गटातल्या दोघी टोचायला शिकल्या आहेत. तेव्हापासून वाडीत मोठी साथ आलेली नाही.

वऱ्हाडी_ऊन

यवतमाळकडून. वर पत्र्याचा उल्लेख आलाय म्हणून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नुसत्या पत्र्याखाली दुपारी अंड्यावर बसलेली कोंबडी तिथेच मरते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून लांब धरते. असं दिसलं की उन्हाचा ताण बसलाय समजा.

आम्ही पत्र्यावर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, आणि तुराट्यांचा जाड थर टाकतो, वर चुना मारतो, बाजूंना ओलं गोणपाट सोडतो. पाण्यासाठी मातीचे परळ, सावलीत, एकापेक्षा जास्त ठिकाणी. दुपारी दाणा देत नाही, पचनाने अंगातली उष्णता वाढते. पहाटे आणि उतरत्या उन्हात देतो. पाण्यात थोडा गूळ आणि दवाखान्यातली क्षारांची पुडी. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन थेट आत येत नाही. ताईंनी दार पूर्वेला ठेवलं तरी हे जमतं, दार आखूड बाजूला येईल.

पेडण्याची_सून

कोकण-गोव्याच्या पावसात सगळ्यात अवघड काम म्हणजे आतलं तूस कोरडं ठेवणं. भाताचं तूस चार बोटं जाड पसरते, आठवड्यातून दोनदा उकरून उलटसुलट करते. मूठभर तूस हातात घेऊन दाबायचं. मूठ उघडल्यावर सुटून पडलं तर ठीक, लाडू वळल्यासारखं राहिलं तर ओलं आहे, लगेच काढून नवीन टाकायचं. ओल्या गादीवर महिना-दीड महिन्याच्या पिल्लांना रक्ती हगवण धरते. पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहतं आणि विष्ठेत रक्त दिसतं. ही मात्र औषधाने बरी होते, फक्त त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

पावसात भरडा आणि मका यांना बुरशी धरते. वास कुबट आला की तो दाणा सरळ खतात टाका, धुऊन-वाळवून देऊ नका, त्याचं विष जात नाही.

पिसवा-उवांसाठी एका जुन्या घमेल्यात चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती छपराखाली ठेवते. त्यात कोंबड्या लोळतात, पिसांच्या मुळाशी राख जाते. दांड्यांच्या टोकांशी, जिथे बांबू भिंतीत शिरतो, तिथल्या फटीत टॉर्च मारून बघा. लाल गोचिडीसारखे बारीक किडे दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात. कोंबड्या संध्याकाळी आत जायला कुरकुर करत असतील, तुरा फिका पडला असेल, तर हेच कारण असतं. खुराडं रिकामं करून चुना मारावा.

अंड्याची साल पातळ येत असेल तर तिसऱ्यांचे शिंपले कुटून वेगळ्या करवंटीत ठेवा, ज्यांना हवेत त्या बरोबर खातात.

रानवाट

डॉक्टर, बर्ड फ्लूबद्दलही दोन शब्द लिहाल का? बातमी आली की लोक घाबरून कोंबड्या फुकट वाटतात किंवा नदीत टाकतात.

पशुवैद्य_देशावरचा

भारतातली पहिली लागण २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापुरात झाली. त्यानंतरही अधूनमधून येत राहिली आहे. परसात पाळणाऱ्याने तीन गोष्टी कराव्यात. रानपाखरं आणि बदकं जिथे पाणी पितात त्या पाणवठ्यावर कोंबड्या जाऊ देऊ नका. एकाएकी बऱ्याच कोंबड्या किंवा गावात कावळे मेले तर उघड्या हाताने उचलू नका, दवाखान्याला कळवा, १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतो. आणि मेलेली कोंबडी ओहोळात, उकिरड्यावर टाकू नका, कुत्र्यांना देऊ नका. खोल खड्डा, वर चुना, मग माती. मानमोडीने मेलेल्या कोंबडीलाही हेच लागू. साथीतली मरायला टेकलेली कोंबडी घाईघाईने कापून खायची पद्धत आहे, तिच्यामुळे रोग पिसांतून आणि धुवणाच्या पाण्यातून घरोघर जातो.

शिजवलेलं अंडं आणि मटण यांची भीती नको. नीट शिजवल्यावर विषाणू राहत नाही.

माडाखाली

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं.

काम सुरू केलंय. चिरे आलेत, वेल्डमेश कुडाळवरून आणली, खांब अडीच फूट घेतोय, दार पूर्वेला आणि आखूड बाजूला. पत्र्यावर माडाची झावळं टाकणार. दुपारच्या मुंगसासाठी सध्या पोफळीच्या कडेला जाळीचा बंदिस्त पट्टा केलाय, बारा ते चार त्यातच सोडते, बाकी वेळ मोकळ्या. तेव्हापासून एकही गेलेली नाही.

वाडीत फिरले. सात घरांनी हो म्हटलंय, मिळून सव्वाशेच्या आसपास पक्षी होतात. दवाखान्यातून बाटली देतो म्हणाले, येत्या रविवारी पहाटे टोचायचं ठरलंय. जंताचं औषध सगळीकडे देऊन झालंय.

आता एक शंका. माझी एक कोंबडी रवणीला बसली आहे, अंड्यांवर दोन आठवडे झालेत. शेजारच्या काकींकडे पंधरा दिवसांची पिल्लं आहेत. यांना त्या दिवशी टोचायचं का?

पशुवैद्य_देशावरचा

रवणीवरच्या कोंबडीला हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघू देत. टोचायला उचलली की ती बिथरते आणि अंडी गार पडतात. तिला पुढच्या फेरीत घ्या. सकाळी एकदा दाण्या-पाण्याला उठते तेवढंच तिचं उठणं राहू द्या.

काकींच्या पिल्लांना आर-टू-बी नाही, त्यांना लासोटाचा थेंब. उशीर झालाय पण द्या. त्याची बाटली वेगळी असते, म्हणून घरोघर विचारून ज्यांच्याकडे पिल्लं आहेत ती सगळी एकाच दिवसात बसवा. तुमची पिल्लं निघून सात दिवसांची होतील तो दिवस धरलात तर काकींची पिल्लंही त्यातच होतील. आणि मोठ्यांना रविवारी टोचल्यावर दोन आठवडे लहान पिल्लं त्यांच्यात मिसळू देऊ नका. ही जिवंत लस आहे, टोचलेल्या कोंबडीकडून पिल्लांना बाधा होऊ शकते. डालग्याखाली ठेवा, पाणी वेगळं द्या.

टोचल्यावर एक-दोन दिवस कोंबड्या मलूल राहतील, अंडी कमी येतील. घाबरू नका. रविवारी बर्फ जास्तीचा घ्या, सात घरं फिरायची आहेत.